मुलगी आरशापुढे रेंगाळते, तेव्हा...

मैत्रिणींनो, तुमच्या घरात आठवी-नववीतली मुलगी असेल, तर हा देखावा तुम्हांला नवीन नाही. सकाळची घाई. डबा भरायचाय, दुधाचं पातेलं गॅसवर आहे, रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवताहेत, आणि बाईसाहेब आरशापुढे! कपाळावरची एवढीशी पुटकुळी बटेखाली कशी झाकायची, या विवंचनेत. परवापरवापर्यंत फ्रॉकची नाडी सुटली तरी जिला पत्ता नसायचा, ती आता ओढणी नीट आहे ना हे दहादा पाहते. 'काय झालं गं?' म्हणून विचारावं तर 'काही नाही' म्हणून फणकारा. आणि मुलगा असेल तर तेवढंही उत्तर नाही. खोलीचं दार बंद, हातात मोबाईल!

अशा वेळी आपल्या तोंडून पटकन काय जातं? 'पुरे गं बाई, आरसा फुटेल!' नाही तर, 'लग्नाला निघालीस की काय?' आपण हसतो आणि कामाला लागतो. आपल्या लेखी विषय संपला. तिच्या लेखी तो संपत नाही.

या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. ज्या आईशी पुटकुळीबद्दल बोलता येतं, त्याच आईकडे मूल मोठ्या संकटात धावत येतं. छोट्या गोष्टीवर जिथं हसं झालं, तिथं मोठी गोष्ट घेऊन मूल येत नाही. ते मैत्रिणीला सांगतं, मोबाईलवरच्या अनोळखी माणसाला सांगतं, नाही तर कुणालाच सांगत नाही. यातलं शेवटचं सगळ्यांत वाईट.

शरीरात चाललंय तरी काय?

आधी आपली माहिती पक्की हवी. मुलींच्या शरीरातले बदल ८ ते १३ या वयात केव्हाही सुरू होतात. पहिली खूण बहुधा छातीच्या वाढीची. त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मुलग्यांचे बदल ९ ते १४ या वयात सुरू होतात आणि त्यांची उंचीची झेप मुलींच्या मागून दोनेक वर्षांनी येते. म्हणून तर सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली ताडमाड आणि मुलगे त्यांच्या खांद्याशी दिसतात!

म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींत चार-चार वर्षांचा फरक असू शकतो. जी लवकर वाढते तिला वाटतं, सगळे आपल्याकडेच पाहताहेत. जी मागं राहते तिला वाटतं, आपल्यात काहीतरी कमी आहे. दोघींचंही सगळं ठीक असतं. पण हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं ना?

या वयात मुलींच्या मांड्यांवर, कमरेवर चरबी वाढते, ती शरीराच्या गरजेपोटी. तो आळशीपणा नव्हे. दोन्ही बाजूंची छाती अगदी सारख्या वेगानं वाढत नाही. पाळी सुरू होण्याच्या आधी काही महिने थोडं पांढरं जाऊ लागतं. खाज नसेल, दुर्गंधी नसेल, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिली एकदोन वर्षं पाळी २१ ते ४५ दिवसांत केव्हाही येऊ शकते. डॉक्टरांकडे केव्हा न्यायचं? १५ वर्षं पुरी झाली तरी पाळी आली नाही, सुरू झालेली पाळी तीन महिने थांबली, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला किंवा तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागलं तर. दर महिन्याला शाळा बुडेल इतकं पोट दुखत असेल तरीही. 'बाईच्या जातीला हे सोसावंच लागतं,' असं म्हणून गप्प बसवू नका.

पुटकुळ्या येतात त्या त्वचेखालच्या तेलकट ग्रंथींचं काम वाढल्यामुळे, अस्वच्छतेमुळे नव्हे. दिवसातून दोनदा सौम्य साबणानं चेहरा धुवावा, पुटकुळ्या फोडू नयेत. लिंबू, टूथपेस्ट असले प्रयोग नकोत. मोठ्या, दुखणाऱ्या गाठी येत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. डाग पडून गेल्यावर नव्हे, त्याआधी.

मुलग्यांच्या आयांनो, तुमच्यासाठीही थोडं. आवाज फुटतो तसंच झोपेत वीर्य जातं. त्याला आपल्याकडे 'स्वप्नदोष' म्हणतात, पण त्यात दोष कसला? त्यानं अशक्तपणा येत नाही. रस्तोरस्ती 'गुप्तरोगा'च्या पाट्या लावून बसलेल्यांचा धंदा मात्र याच भीतीवर चालतो. वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलग्यांची छाती थोडी फुगते आणि वर्षा-दोन वर्षांत आपोआप बसते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी मुलगे पोहायला जाणं सोडतात, मित्रांपुढं शर्ट बदलत नाहीत. 'असं होतं रे, जाईल ते,' एवढं एक वाक्य बाबांनी सांगितलं तरी पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं ते १९२७ साली. शरीराची माहिती स्वच्छ शब्दांत छापली म्हणून त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्याला शंभर वर्षं होत आली. तरीही आपण 'वेळ आली की कळेल' असंच म्हणतो! वेळ येते तेव्हा ते कळतं कुठून, याचा विचार केलाय कधी?

टोमणे आणि कौतुक

घरात दिवसभरात मुलांच्या शरीरावर किती शेरे पडतात, ते एक दिवस मोजून पाहा. 'केवढी सुटलीस!' 'काडीपैलवान नुसता!' 'उन्हात जाऊ नकोस, अजून काळी होशील.' भाऊ 'ढोली' म्हणून हाक मारतो, काका 'काळू' म्हणतात. लग्नाकार्यात तर विचारायलाच नको. दोन वर्षांनी भेटलेली मावशी आधी मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि मगच 'कितवीत गं?' विचारते. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं हे खरं. पण ऐकणारीच्या मनात ते घर करतं. पन्नाशीच्या बायकांना विचारा. शाळेतले मार्क आठवत नसतील, पण कोण 'नकटी' म्हणालं होतं ते आजही आठवत असतं!

टोमण्याइतकंच जपायला हवं ते कौतुकाला. 'अगं, किती बारीक झालीस! छान दिसतेस!' हे आपण प्रेमानं म्हणतो. पण त्या पोरीनं महिनाभर रात्रीचं जेवण टाकलेलं असेल तर? आपण शिक्कामोर्तब केलं की, उपाशी राहिल्याचं चीज झालं.

आणखी एक. आपण स्वतःबद्दल काय बोलतो? 'शी! फोटोत किती जाडी दिसतेय मी,' 'हा ब्लाऊज आता कुठला मला होतोय!' हे सगळं मुलगी ऐकत असते. आईलाच आपलं शरीर नकोसं वाटतं, तर मला माझं का आवडावं, असा सरळ हिशोब ती करते. हे बोलणं आपल्या हातातलं आहे, बंद करायला पैसा लागत नाही.

पाहुण्यांच्या तोंडाला कसा हात लावायचा, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण मुलीच्या देखत तिची बाजू तर घेता येईल? 'वन्सं, वाढीचं वय आहे तिचं. खो-खोच्या संघात निवड झालीय, ते सांगितलं का तिनं?' हसत म्हणा, पण म्हणा. वन्सं काय समजायच्या ते समजतील. मुलीला मात्र कळतं की, आई आपल्या बाजूची आहे. सासूबाई 'कोण करणार हिला?' म्हणाल्या, तर त्यांना एकटीला गाठून शांतपणे सांगा, 'आई, तुमचा जीव आहे तिच्यावर. पण हे ऐकून ती दोन दिवस जेवत नाही.' आजीचाच जीव कळवळेल.

आणि शरीराबद्दल बोलायचंच असेल तर ते काय करू शकतं त्याबद्दल बोला. सायकलनं चढ चढलीस, दोन बादल्या एका दमात आणल्यास, केवढी उंच उडी मारलीस!

ताटात अर्धी पोळी उरते

'मला भूक नाही.' हे वाक्य घरात रोज ऐकू येऊ लागलं तर कान टवकारा. आपल्याकडे या वयाच्या मुलींना मुळातच रक्त कमी. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरांतल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. मुलग्यांतही शंभरांत ३१ जणांना. जिना चढताना धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही, सारखं लोळावंसं वाटतं. आपण म्हणतो, 'आळशी झालीय नुसती!' आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आळस नाही, आजार आहे.

घरातलेच उपाय सोपे आहेत. मोड आलेली मटकी, हरभरे, चवळी, पालेभाज्या, अळिवाचा लाडू, चालत असेल त्या घरी मांस-मासे. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, किंवा जेवणानंतर पेरू, आवळा द्या. त्यानं लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणाबरोबर नको, तासभर अंतर ठेवा. शाळांतून आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात, ती मुली हळूच फेकून देतात! का, ते विचारा. पोटात मळमळतं म्हणून, नाही तर शौचाला काळं झालं म्हणून घाबरून. गोळी जेवणानंतर घ्यायची, आणि काळं होणं साहजिक आहे, हे सांगितलं की प्रश्न मिटतो.

पण कधीकधी गोष्ट याच्या पुढची असते. मुलगी दिवसातून दोन-तीनदा वजन करते, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाऊन कडी लावते, चोरून व्यायाम करते, कपडे ढगळ घालते, पाळी थांबते. ही नाटकं नव्हेत. हा मनाचा आजार आहे, तो शरीराला पोखरतो आणि वेळीच उपचार न झाल्यास जिवावर बेतू शकतो. तिला दटावून घास भरवू नका. डॉक्टरांकडे न्या आणि मानसोपचारतज्ज्ञांचंही मत घ्या. मुलग्यांनाही हा आजार होतो.

आणि मूल खरंच स्थूल असेल तर? त्याचं ताट वेगळं करू नका. घरातला फरसाणचा डबा, थंड पेयांची बाटली सगळ्यांसाठीच बंद करा. रोज तासभर खेळ, सायकल, चालणं. एकट्या मुलीला 'डाएट' आणि दादाला वडापाव, हा न्याय कुणाला पटेल?

गोरेपणाचं वेड

'फेअर अँड लव्हली' आपल्या बाजारात आलं १९७५ साली. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याचजणी त्या जाहिराती पाहतच वाढल्या. २०२० साली कंपनीनं नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. नळीवरचं नाव बदललं. पण 'गोरी, सुस्वरूप' हे शब्द आपल्या स्थळांच्या कागदांवरून गेले का?

याहून मोठा धोका आहे तो मैत्रिणीनं सांगितलेल्या, पार्लरमधून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या क्रीमचा. त्यांतल्या कित्येकांत स्टिरॉइड असतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो, सगळे विचारतात, 'काय लावतेस गं?' पुढं काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल होते, उन्हात गेलं की आग होते, लव वाढते, पुटकुळ्यांचं पेव फुटतं. क्रीम सोडलं की सगळं आणखी चिघळतं, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. अशी स्टिरॉइडची क्रीमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ साली बंदी आली, तरी ती सर्रास मिळतात. काही क्रीमांत पारा असतो, तो थेट मूत्रपिंडावर घाला घालतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली डॉक्टरांना असे रुग्ण आढळले होते.

तेव्हा मुलीच्या कपाटातली नळी एकदा तिच्याच बरोबर बसून वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं, किंवा बनवणाऱ्याचं नाव-पत्ताच नसेल, तर ते चेहऱ्यासाठी नव्हे. महिनोन् महिने लावत असेल तर एकदम बंद न करता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ओरडू नका. हे क्रीम लावायला तिला कुणाच्या बोलण्यानं भाग पाडलं, ते आधी आठवा.

हातातला मोबाईल

आपल्या वेळी तुलना व्हायची ती शेजारच्या ताईशी, फार तर सिनेमातल्या नटीशी. आता मुलांच्या हातात रात्रंदिवस हजार चेहरे आहेत, आणि त्यांतले बरेचसे मोबाईलनंच गुळगुळीत केलेले. हे फक्त आयांचं रडगाणं नाही बरं का! इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीची आतली कागदपत्रं २०२१ साली बाहेर आली. त्यांच्याच पाहणीत शंभरांतल्या ३२ मुलींनी सांगितलं होतं की, स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. मुलगेही सुटलेले नाहीत. त्यांना पिळदार दंड हवे असतात, मग व्यायामशाळेतल्या कुणी दिलेली पावडर, कधी इंजेक्शनंसुद्धा! डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही नको.

मोबाईल हिसकावून घेणं हा उपाय फार टिकत नाही. त्यापेक्षा एकदा दोघी बसून आपलाच फोटो त्या फिल्टरमधून काढा. आईचा चेहरा पंचविशीचा झालेला पाहून मुलगी पोट धरून हसेल, आणि जे सांगायचं ते न सांगताच पोहोचेल. रात्री मात्र नियम एकच, आणि तो बाबांनाही लागू. सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. निम्मी चिडचिड नुसत्या अपुऱ्या झोपेची असते.

कुणीतरी आवडू लागलं तर

आवडणारच! चौदाव्या-पंधराव्या वर्षी कुणी आवडलं नाही, असं आपल्यापैकी किती जणी छातीला हात लावून सांगतील? तेव्हा वहीत चिठ्ठी सापडली, मोबाईलवर नाव दिसलं, म्हणून आकाश कोसळत नाही. त्या क्षणी तुम्ही काय करता, यावर पुढची दोन-तीन वर्षं अवलंबून असतात. फोन आपटला, शाळा बंद करण्याची धमकी दिली, तर प्रेम थांबत नाही. तुम्हांला कळणं तेवढं थांबतं.

'कसा आहे गं तो? काय आवडलं तुला त्याच्यातलं?' असं साधं विचारा. मग चांगली मैत्री ओळखायची कशी, हे सांगता येतं. जो इतर मैत्रिणींशी बोलू देत नाही, मोबाईलचा पासवर्ड मागतो, 'नाही' म्हटलं की रुसतो किंवा धमकावतो, 'प्रेम असेल तर सिद्ध कर' म्हणतो, नको तसले फोटो मागतो, त्याला मैत्री म्हणत नाहीत. आणि मुलग्यांच्या आयांनो, हेच धडे आपल्या लेकालाही. मुलीनं 'नाही' म्हटलं की त्याचा अर्थ 'नाही'. सिनेमात काहीही दाखवोत!

मन मोडलं तर थट्टा नको. 'हे काय प्रेम करायचं वय आहे?' असं म्हणण्यापेक्षा शेजारी बसा, आल्याचा चहा करून द्या. तिचं दुःख तिच्या वयाला तेवढंच मोठं असतं.

कायदाही दोघांना माहीत हवा. २०१२ च्या 'पोक्सो' कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलामुलीची लैंगिक संबंधाला दिलेली संमती धरली जात नाही. म्हणजे दोघांच्या मर्जीनं घडलं तरी मुलावर गुन्हा दाखल होऊ शकतो. हे भीती घालायला नव्हे, माहिती म्हणून सांगा. हाच कायदा मुलींइतकाच मुलग्यांनाही संरक्षण देतो. नात्यातला, ओळखीचा, शिकवणीचा कुणीही असो, त्यानं अंगाशी आगळीक केली आणि मुलानं ती आईला सांगितली, तर आईचं पहिलं वाक्य एकच हवं, 'तुझी काही चूक नाही.'

आणि एक कळकळीची विनंती. मुलीचं नाव कुणाशी जोडलं गेलं, म्हणून घाईघाईनं स्थळं शोधू नका. मघाच्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या शंभरांतल्या जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. तो गुन्हा तर आहेच, शिवाय चार दिवसांच्या बोभाट्याची शिक्षा जन्मभर पोरीनं का भोगायची?

समजा, फोटोचंच संकट आलं. पाठवलेला फोटो दाखवून कुणी पैसे मागतो, धमक्या देतो. अशा वेळी कितीतरी मुलं केवळ 'घरी कळलं तर' या धास्तीनं टोकाचा विचार करतात. त्यांना आजच, काही घडलं नसताना, सांगून ठेवा, 'कितीही मोठी गडबड झाली तरी आधी माझ्याकडे ये. मी ओरडणार नाही.' आणि ते पाळा. पैसे देऊ नका, धमकीचे संदेश पुसू नका, पोलिसांत तक्रार द्या, मुलांसाठीच्या १०९८ या मोफत क्रमांकावर फोन करा. अल्पवयीन मुलांचे असे फोटो ठरावीक संकेतस्थळांवरून हटवण्यासाठी 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सोय २०२३ पासून आहे. तिथं फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, नावही सांगावं लागत नाही.

मनालाही ताप येतो

चिडणं, रुसणं, क्षणात हसणं, क्षणात रडणं, हे या वयाचंच. पण दोन आठवडे उलटले तरी उदासी जात नाही, आवडीचा खेळ, मैत्रिणी नकोशा होतात, झोप-भूक बिघडते, मार्क घसरतात, हातावर ओरखडे-कापल्याच्या खुणा दिसतात, तर 'वय आहे' म्हणून सोडून देऊ नका. मुलग्यांत उदासी पुष्कळदा रागाच्या रूपानं दिसते. 'मुलगा असून रडतोस?' हे वाक्य तर घरातून हद्दपारच करा.

'माझा कंटाळा आलाय सगळ्यांना,' 'मी नसले तर बरं,' असं मूल बोललं तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का तुला?' विचारल्यानं तसं मनात भरतं, हा गैरसमज आहे. उलट, बोलायला जागा मिळते. मूल 'हो' म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून आहे. तो मोफत आहे, अहोरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. शिवाय १० ते १९ वयाच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिकं आहेत. जवळ कुठं आहे, ते आशाताईंना विचारा.

बोलायचं कधी नि कसं?

'ये, बस. मला तुझ्याशी बोलायचंय,' म्हटलं की मूल आधीच कवच घालून बसतं. वाटाणे सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, स्कूटरवर मागं बसलेली असताना बोलणं सोपं जातं, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. तिनं एक वाक्य बोललं की आपण दहा बोलायचं नाही, हे सगळ्यांत अवघड! उत्तर येत नसेल तर सरळ सांगा, 'मला नक्की माहीत नाही, आपण डॉक्टरांना विचारू.' आणि तिनं सांगितलेलं गुपित संध्याकाळी फोनवर मावशीला सांगू नका. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, आणि तोही तिला आधी सांगून.

यातलं सगळं एकदम जमणार नाही. आपल्याला तरी कुणी कुठं शिकवलं होतं? पण एक सुरुवात आजच करता येईल. आठवडाभर घरात कुणीही कुणाच्या रंगावर, वजनावर, उंचीवर बोलायचं नाही, असं जेवायला बसताना जाहीर करा. जो चुकेल त्यानं त्या दिवशी भांडी घासायची! पहिले दोन दिवस बाबांना आणि आजीला बरीच भांडी घासावी लागतील. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलगी आपणहून काही सांगू लागली, तर हातातलं काम बाजूला ठेवा. भाजी थोडी लागली तरी चालेल.